हातचा, उसना की सुटे?

दुसरीच्या वर्गाला गणित शिकवते. पाठाचं नाव ‘हातच्याची वजाबाकी’, घरी आईवडील सांगतात ‘शेजारच्याकडून उसना घे’, आणि प्रशिक्षणात आम्हाला सांगतात ‘दशकाचे सुटे करा’. काल एका मुलीनं विचारलं, “बाई, हातचा तर बेरजेत असतो ना? मग तो इथे कुठून आला?” वर्गात यांपैकी कोणता शब्द वापरावा? आणि वजाबाकीत ‘हातचा’ मुळात आला कसा?

—

बाई, मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. बेरजेतला हातचा सरळ आहे. ३८ + २५ करताना आठ आणि पाच तेरा, तेराचे तीन लिहिले, हातचा एक. तो एक अजून कागदावर उतरलेला नाही, आपल्याजवळ राखलेला आहे. ‘हातचा राखून’ म्हणतो त्यातही हीच राखून ठेवण्याची छटा आहे.

वजाबाकीत हा शब्द चपखल बसायचा तो जुन्या रीतीत. आजीआजोबांच्या पिढीतल्या कुणाला ५२ मधून २७ मोठ्यानं वजा करायला सांगा. बरेच जण असं म्हणतील: “दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, पाच. हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस.” इथे वरच्या पाचाला हात लावलेला नाही. वरच्या दोनात दहा मिळवले, त्याची भरपाई म्हणून खालच्या दशकात एक मिळवला. दोन्हीकडे सारखीच भर पडली, म्हणून फरक तोच राहिला. तो एक खाली देईपर्यंत खरंच ‘हातचा’ असतो. ‘उसना’सुद्धा याच रीतीत शोभतो, कारण घेतलेलं परत केलं जातं.

आज वर्गात शिकवतात ती रीत वेगळी. पाचाचे चार होतात, दोनाचे बारा होतात. हाती काही राहत नाही आणि परतही काही जात नाही. रीत बदलली, शब्द मात्र जुनेच राहिले. माझ्या मते नव्या रीतीला ‘सुटे करणे’ हाच शब्द योग्य आहे.

—

पटलं, पण एक अडचण. घरी सगळे ‘हातचा’च म्हणतात. शाळेनं तो टाकला तर पालकांना वाटतं, काहीतरी भलतंच शिकवताहेत.

—

टाकू नका, पाठाचं नाव म्हणून राहू द्या. कृती सांगताना मात्र क्रियापद बदला. काड्या वापरत असाल तर बेरजेत ‘गठ्ठा बांधला’, वजाबाकीत ‘गठ्ठा सोडला’. बांधणं आणि सोडणं ही एकमेकांच्या उलट कामं आहेत हे मुलांना हातानं कळतं. ५२ − २७ = ३५ लिहिणारी मुलं पुष्कळ असतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात. अशा मुलाला पाच गठ्ठे आणि दोन काड्या द्या आणि सत्तावीस काड्या मागा. गठ्ठा सोडल्याशिवाय त्याला त्या देताच येत नाहीत.

—

‘उसना’ची खरी पंचाईत पुढे शून्यापाशी होते. ४०३ − १६८ मध्ये एकक दशकाकडे मागायला जातो, तर तिथे शून्य. मग मुलं शतकाकडून थेट एककात आणतात, किंवा शून्याचे नऊ करून चार तसेच ठेवतात. सुट्यांच्या भाषेत हेच सोपं जातं. ४०३ म्हणजे ४० दशक आणि ३ सुटे. एका दशकाचे सुटे केले की उरले ३९ दशक आणि १३ सुटे. तेरातून आठ गेले पाच, एकोणचाळिसातून सोळा गेले तेवीस. उत्तर २३५. शतकापर्यंत वेगळं जावंच लागलं नाही.

—

४०३ मध्ये दशक किती, असं विचारलं की माझ्या वर्गात सगळे एका सुरात ‘शून्य’ म्हणतील. आधी ‘दशकाच्या घरात काय लिहिलंय’ आणि ‘एकूण दशक किती’ हे दोन प्रश्न वेगळे करून घेते. सोमवारी काड्या काढते.