मदत हवी आहे: नडगीच्या हाडातून वर्षभर पू येतोय. रॉड काढावा का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या दिरासाठी विचारतेय. वय ३४, रिक्षा चालवतो, राहायला भांडुपला. मागच्या पावसाळ्यात एलबीएस रोडवर खड्डा चुकवताना बाईकवरून पडला आणि उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याच रात्री ऑपरेशन करून आत रॉड घातला. जखम भरत आली असं वाटतंय तोच नडगीवर एक भोक पडलं आणि पू यायला लागला. तेव्हापासून हेच चाललंय. ताप आला की इंजेक्शनं, भोक मिटतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि पुन्हा एक दिवस पायजमा ओला.

परवा ड्रेसिंग काढलं तर गॉजवर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टणक, पिवळट चिकटलेलं. ड्रेसरने चिमट्यात धरून दाखवलं. म्हणाला, "हाड आहे ताई."

एक्सरेत हाड अर्धंमुर्धं जुळलंय. शुगर नाही. तंबाखू खातो, सासूबाईंसमोर नाही, पण खातो.

ज्यांनी ऑपरेशन केलं ते म्हणतात, हाड पूर्ण जुळेपर्यंत रॉडला हात लावायचा नाही, गोळ्या चालू ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं की रॉड काढा, मेलेलं हाड कापा, मग रिंग (पायाभोवती बाहेरून बसवलेली, तारांनी हाडात धरलेली कडी) लावा, आणि वर्षभराची तयारी ठेवा. कोणाचं ऐकायचं? पू तपासायला दिला तर दर वेळी वेगळाच जंतू येतो, तो रिपोर्ट खरा मानायचा का? रिंग लावलेला माणूस चाळीतल्या एका खोलीत कसा राहतो? रिक्षा उभी आहे, हप्ता काही थांबत नाही, म्हणून खर्चाचंही सांगा.

लेप, काढे, हाडवैद्य कृपया सुचवू नका. ती यादी घरात तयार आहे.

निवृत्त_सिस्टर: भोकातल्या पुवाच्या रिपोर्टवर फार विसंबू नका, त्यात कातडीवरचे जंतूही येतात. खरा रिपोर्ट ऑपरेशनच्या वेळी खोलवरून घेतलेल्या हाडाच्या तुकड्यांचा. एक नाही, वेगवेगळ्या जागचे चार-पाच तुकडे पाठवतात. ताप वगैरे नसेल तर त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात, नाहीतर जंतू उगवतच नाहीत. पण हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आपल्या मनाने नाही. आणि टीबीचीही तपासणी करायला सांगा. आपल्याकडे ती राहून जाते.

हाडांचा_डॉक्टर: पाय न बघता निकाल देणार नाही. पण दोघंही डॉक्टर चुकीचे असतीलच असं नाही. रॉड हाडाला घट्ट धरून असेल आणि हाड जुळत असेल तर तोवर संसर्ग गोळ्यांनी दाबून ठेवणं हा मान्य मार्ग आहे. मात्र तुकडा बाहेर पडलाय म्हणजे आत मेलेलं हाड असणार. त्यात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. रॉडवर जंतू चिकट थर धरून बसतात, तिथेही गोळ्या थिट्या पडतात. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना थेट विचारा: हाड खरंच पुढे सरकतंय का, रॉड सैल झालाय का? सीटी स्कॅन केला तर कळेल.

ऑपरेशन ठरलं तर खरं काम साफसफाईचं. हाडातून ताज्या रक्ताचे थेंब येईपर्यंत खरवडावं लागतं. हात आखडता घेतला की वर्षभराने पुन्हा तेच. पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट किंवा मणी भरतात. नंतर साधारण सहा आठवडे औषध. ते सलाइनमधूनच हवं असं नाही: २०१९ साली ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांवर झालेल्या चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांसाठी योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत.

रिंगचा विषय मुख्यतः हाडात मोठी फट पडली तर. रिंगच्या या पद्धतीत (तिला इलिझारोव्हची पद्धत म्हणतात) फट भरायला हाड दिवसाला १ मिलिमीटर सरकवतात, पाव-पाव करून चार वेळा. ५ सेंटिमीटरला सरकवायलाच ५० दिवस, आणि नवं हाड घट्ट व्हायला त्याहून कितीतरी जास्त. दुसरा मार्ग: सिमेंटभोवती पातळ पडदा तयार झाला की काही आठवड्यांनी सिमेंट काढून कमरेचं हाड भरायचं. नडगीवर मांस कमी, म्हणून कातडी झाकायला प्लास्टिक सर्जनही लागतात. म्हणून दोन्ही विभाग एकाच छताखाली असतील तिथे जा: केईएम, सायन, नायर, जेजे.

तंबाखू बंद. हाड जुळण्याच्या आड येतो.

रिंगवाला_वडाळा: नऊ बाय बाराच्या खोलीत काढलंय मी. पायजम्याची एक शिवण उसवून वेल्क्रो लावून घ्या. तारांच्या तोंडाशी रोज सलाइनने पुसायचं. हाड सरकवायला रिंगची किल्ली फिरवतात, त्याच्या खुणा करायला भिंतीवर कॅलेंडर. सार्वजनिक संडास जमणार नाही, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. डॉक्टर म्हणतील तेव्हा पाय टेकवून चालायचं, झोपून राहिलं की घोटा आखडतो. रात्री ठणका लागतो, तो लागतोच.

पैशांचं: रेशनकार्ड घेऊन आधी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, कॅश काउंटरवर विचारत बसू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. सोमवारी सायनच्या ओपीडीला नेतोय. जुने एक्सरे तारखेप्रमाणे लावलेत. फक्त डिस्चार्ज कार्डावर रॉडच्या कंपनीचं नाव नाही. ते लागतं का?

हाडांचा_डॉक्टर: लागतं. रॉड काढायचं हत्यार कंपनीप्रमाणे बदलतं. पहिल्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या नोंदी मागा, त्यात इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.