स्क्रब टायफस : आजार नवा की तपासणी नवी?

धानकरी :
२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. तेव्हापासून दर पावसाळ्यात या आजाराची धास्ती असते. माइट या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किडीची अळी चावली की त्याचे जंतू अंगात शिरतात. ही अळी गवतात असते आणि उंदरांच्या अंगावर पोसते. रोवणीनंतर धुऱ्यांवर गवत माजते, उंदीर वाढतात आणि माणसे त्यातच राबतात. म्हणून ग्रामपंचायतींनी वस्तीलगतचे गवत काढणे आणि उंदरांचा बंदोबस्त करणे हे आरोग्याचेच काम मानले पाहिजे, असे माझे मत आहे.

वैनगंगाकाठ :
असहमत. गवत आणि उंदीर आपल्या आजोबांच्या काळीही होते. नवी आहे ती एलायझा, म्हणजे या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात शोधणारी तपासणी. पूर्वी हाच ताप ‘व्हायरल’ किंवा ‘टायफॉइड’ म्हणून अंगावर काढला जाई. शिवाय गवत कापायला जाणार कोण? रोजाने जाणाऱ्या बायाच, आणि अळी चावणार तीही त्यांनाच.

धानकरी :
तपासणी वाढली म्हणून रुग्ण वाढले, हे उत्तर प्रत्येक आजाराला लागू पडत नाही. देशात १९६५ साली हिवतापाचे रुग्ण सुमारे एक लाखापर्यंत खाली आले होते आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. दोन्ही वेळी तपासणी काचपट्टीवरचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचीच होती. ढिलाई झाली ती फवारणीत आणि पाठपुराव्यात.

उपकेंद्र_सेविका :
नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी १९६५ मध्ये सापडलेल्या विषाणूचाही येथे विचार व्हावा. तो वाळूमाशीतून पसरतो, मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूवर आघात करतो आणि त्यावर ना लस आहे ना नेमके औषध. तिथे निदान लवकर होऊनही हाती फारसे लागत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा बुजवणे आणि गोठ्याजवळ फवारणी करणे हाच उपाय उरतो.

वैनगंगाकाठ :
चांदीपुराला औषध नाही, म्हणून तिथे फवारणी हवीच. स्क्रब टायफसला मात्र डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध आहे, तरीही उशिरा दाखल झालेल्या रुग्णांची मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात, याची मला चीड येते. पावसाळ्यात पाच दिवसांहून अधिक ताप राहिला, तर काखेत आणि जांघेत अळी चावल्याची काळी खपली शोधावी. ती प्रत्येकाला दिसत नाही, म्हणून संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी औषध सुरू करावे, अशी लेखी सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत लागली पाहिजे.