अनुभव धागा: घरच्या ब्रूडरमधली बटेरांची पिल्लं

रानवारा
माळा आवरताना जुना खोका हाती लागला. एका बाजूला होल्डरच्या वायरीसाठी पाडलेलं भोक, तळाशी अजून भुशाचे कण. बटेरांची पहिली पिल्लं यातच वाढवली होती. हाच आमचा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची पेटी. जपानी बटेर. १७-१८ दिवसांत अंडी फुटतात आणि बाहेर येतं ते अंगठ्याच्या पेराएवढं, जेमतेम ७-८ ग्रॅमचं. पिवळ्या अंगावर काळपट पट्टे. हातात घ्यायचीसुद्धा भीती वाटायची. वर ६० वॅटचा बल्ब, खाली थर्मामीटर. पहिल्या आठवड्यात ३५-३७ अंश हवं, म्हणून मी सारखी आकडाच बघायचे. पण आकड्यापेक्षा पिल्लंच खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली की गारठलीत, भिंतीला चिकटून चोची उघड्या टाकल्या की उकडतंय, सगळीकडे पांगून टिपत-झोपत असली की निर्धास्त. तुम्ही पहिल्यांदा कसं केलंत? खोका, टब, पेटारा, जे असेल ते लिहा.

भिरभिरा
पाणी!!! आधी पाण्याबद्दल लिहा. एवढीशी वाटी असली तरी बुडतात. डब्याच्या झाकणात गोट्या भरायच्या, फटींतलं पाणी चोचीला मिळालं पाहिजे, अंग भिजता कामा नये. ओलं पिल्लू बल्बखालीही गारठतं.

सईची आई
गोट्या +१. लेकीच्या सगळ्या गोट्या तिकडेच गेल्या. तिने प्रत्येक पिल्लाला नाव दिलं होतं. कोण कुठलं ते ओळखू येईना, तरी हाका चालूच. गॅसवर आहे काहीतरी, बाकी नंतर लिहिते

निवांत
वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि तसेच राहतात. माझ्याकडे एकाचे फाकलेच होते. चिकटपट्टीची बारीक पट्टी दोन्ही पायांना लावली, मध्ये उभं राहता येईल एवढंच अंतर. पडायचं, उठायचं, परत पडायचं. मी शेजारी बसून. हळूहळू सरळ चालायला लागलं. आपल्या पायांनी दाण्यापर्यंत पोचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सुरुवातीला खाली गोणपाट किंवा खरबरीत कापड, भुसा नंतर. आधी घातला तर भुसाच टिपतात.

रानवारा
निवांत, पोटात कालवलं वाचून. केवढं धीराचं काम.

कोकरू७
लाईट गेली तर?

भिरभिरा
गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवायची, खोक्यावर चादर. हवेला फट ठेव.

जुनाखोड
आमच्याकडे कोंबड्या होत्या, सगळं खुडूक कोंबडीखालीच. तिच्या पंखातून एकेक डोकं बाहेर यायचं, परत आत जायचं. तासन् तास बघत बसायचो. पाळीव जपानी बटेर फारशी खुडूक बसत नाही, म्हणून बल्बाची वेळ येते. विषयांतर झालं, पण फार मायेची कोंबडी होती.

सईची आई
आले. खाद्याचं राहिलं. कोंबडीच्या पिल्लांच्या साध्या स्टार्टरमध्ये (सुरुवातीच्या तयार खाद्यात) प्रथिनं कमी पडतात, बटेरांना २४ टक्के तरी लागतात. शिवाय दाणा मोठा. मिक्सरला फिरवून बारीक करायचा. आणि झाकण! दुसऱ्या आठवड्यापासून सरळ वर उडी मारतात, डोकं आपटतं. वर मऊ जाळी ताणून बांधा, बल्बपासून लांब.

जुनाखोड
मांजर आहे का कुणाकडे? आमचं कोंबडीला वचकून असायचं.

सईची आई
आहे. दार लावलेल्या खोलीतच खोका. तिथे लाड नाहीत.

कोकरू७
नर-मादी कधी कळतं?

निवांत
साधारण ३ आठवड्यांनी छाती बघ. मूळ तपकिरी रंगाची असतील तर नराची सलग तांबूस, मादीची ठिपक्यांची. पांढऱ्यांत असं नाही कळत.

भिरभिरा
झोपतात कशी ते कुणी लिहिलंच नाही! टिपता टिपता आडवं, मान टाकून, पाय मागे ताणून. काळजात धस्स होतं. बोट लावलं की ताडकन उठून परत दाण्याकडे.

कोकरू७
माझी अंडी आजच उबवणी यंत्रात ठेवली. खोका लहान आहे, ६० चाच बल्ब घेऊ का?

रानवारा
लहान खोक्याला ४० चा लावून बघ. वरखाली करता येईल असा टांग, दर आठवड्याला तापमान ३ अंशांनी उतरवायचं असतं. अंडी फुटायच्या आदल्या दिवशीच चालू करून ठेव, तापमान टिकतंय का कळेल. आणि पिल्लं पुरती सुकल्याशिवाय यंत्रातून काढू नकोस.