आगमनकाळ ते एपिफनी: रीथच्या मेणबत्त्या, रंग, नऊ पाठ, ख्रिस्टिंगल. नीट कसं बसवायचं?

नवा_वॉर्डन

नमस्कार मंडळी. अँग्लिकन पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) आगमनाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासून एपिफनीपर्यंतची (६ जानेवारीचा सण) मांडामांड बघायची आहे. उपासनेचा क्रम पाळकसाहेब ठरवतात. मला हवी आहे ती खालची, हाताने करायच्या कामांची माहिती.

– रीथमधली (पानांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या आणि मध्ये नाताळची पांढरी; दर रविवारी एक वाढवून पेटवतात) पहिली मेणबत्ती नाताळ येईपर्यंत बुडाला टेकते आणि जाड मेणबत्त्या मधूनच विझतात. काय चुकतं?
– जांभळा की निळा? गुलाबी मेणबत्ती नक्की कधी? मेणबत्त्यांचे विषय कोणते घ्यायचे?
– नऊ पाठ (शास्त्रवाचनं) आणि कॅरल्सची (नाताळगीतांची) उपासना सव्वा तासात बसवता येते का?
– मुलांसाठी ख्रिस्टिंगल (संत्र्यात खोचलेली मेणबत्ती) करायचं तर धोका कसा टाळायचा?
– गव्हाणीच्या देखाव्यात बाळ येशूची मूर्ती कधी ठेवायची, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) कधी, आणि सगळं उतरवायचं कधी?

---

वेदीसेवा

मेणबत्त्यांचंच सांगते, बाकीचं इतर जण सांगतील.

आधी तारखा पक्क्या करा. आगमनाचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत अंद्रियाच्या दिवसाच्या, सगळ्यात जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच पडतो. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, चौथा रविवार २० डिसेंबर. पहिला रविवार ३ डिसेंबरला आला की चौथा थेट २४ डिसेंबरला येतो. २०२३ मध्ये तसं झालं, २०२८ मध्ये पुन्हा होईल. त्या वर्षी सकाळी चौथी मेणबत्ती आणि त्याच संध्याकाळी मधली पांढरी, त्यामुळे दोन्हींची तयारी एकदमच करून ठेवावी लागते.

आता जळण्याचा हिशोब. सव्वादोन सेंटीमीटर जाडीची उभट मेणबत्ती हवा स्थिर असेल तर तासाला साधारण अडीच सेंटीमीटर जळते. उपासना एक तासाची धरली तर चार रविवारांत पहिली दहा सेंटीमीटर उतरते, दुसरी साडेसात, तिसरी पाच आणि चौथी अडीच. त्यावर नाताळच्या दोन-तीन उपासनांना सगळ्या एकत्र पेटतात, म्हणजे आणखी पाच ते साडेसात. २५ सेंटीमीटरची मेणबत्ती पुरते खरी, पण शेवटी ज्योत पानांच्या अगदी जवळ येते. म्हणून ३० सेंटीमीटरचीच घ्या. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेलाही पेटवत असाल तर हिशोब दुप्पट होतो. मग एक तर पहिल्या दोघींचे जादा नग आणून ठेवा, नाही तर आत तेलाची नळी बसणाऱ्या, बाहेरून मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या नळकांड्या वापरा. त्यांची उंची कमी होत नाही.

चारही मेणबत्त्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून दर आठवड्याला जागा बदलणारे लोक असतात. तसं करू नका. किती रविवार झाले हे त्या पायऱ्यांवरूनच तर कळतं.

जाड मेणबत्त्या विझतात त्याचं कारण वेगळं. पहिल्या जळण्यात वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचावं लागतं आणि त्याला व्यासाच्या दर अडीच सेंटीमीटरला सुमारे एक तास लागतो. साडेसात सेंटीमीटर जाडीची मेणबत्ती तासाभरात विझवली की वातीभोवती खड्डा पडतो, पुढच्या रविवारी तो खोल होतो आणि तिसऱ्या रविवारी वात स्वतःच्याच मेणात बुडते. तासाभराच्या उपासनेला जाड मेणबत्ती चालतच नाही. मधली पांढरी जाड हवी असेल तर २३ तारखेलाच तीन तास जाळून तिचा वरचा थर सपाट करून घ्या.

बाकी खबरदारी थोडक्यात. वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवा. लांब वात धूर सोडते आणि मेण एका अंगाला ओघळतं. पंखा किंवा दाराचा वारा असेल तरी तेच होतं, तेव्हा रीथची जागाच बदला. मेणबत्ती खाचेत हलत असेल तर बुंध्याला फॉइलची पट्टी गुंडाळा. कागद गुंडाळू नका, तो पेट घेतो. हिरवळ खोचायचा फुलवाल्यांचा स्पंज पाण्यावर नुसता ठेवा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबला तर आत कोरडे कप्पे राहतात आणि वरून ओला दिसत असूनही पानं चार दिवसांत वाळतात. एक दिवसाआड पाणी, दर शनिवारी ताजी पानं, खाली धातूचं ताट. ज्योत आणि सगळ्यात उंच पान यांत वीतभर तरी अंतर ठेवा. विझवताना फुंकू नका, टोपीने विझवा. फुंकलं की वेदीच्या वस्त्रावर मेण उडतं आणि ते काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

---

सांध्योपासना

रंगाबद्दल. जांभळा सर्वत्र चालतो. निळ्याचा संबंध इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या जुन्या प्रथेशी जोडतात आणि आगमनकाळ लेंटपेक्षा (ईस्टरआधीच्या उपवासकाळापेक्षा) वेगळा दिसावा म्हणून बऱ्याच पॅरिशेस तो वापरतात. पण निळा संच वर्षात चारच आठवडे बाहेर येतो, जांभळा लेंटलाही लागतो. नव्याने घ्यायचाच असेल तर माझं मत जांभळ्याला. मात्र वेदीचं वस्त्र जांभळं आणि मेणबत्त्या निळ्या असा मिसळीचा प्रकार करू नका. चारही मेणबत्त्या लाल आणि मधली पांढरी, हीसुद्धा रुळलेली पद्धत आहे.

गुलाबी तिसऱ्या रविवारी. त्या रविवारचा सूर फिलिप्पैकरांस पत्राच्या ४:४ मधल्या ‘आनंद करा’चा. पाळकांकडे गुलाबी झगा नसला तरी मेणबत्ती गुलाबी ठेवता येते, अडचण काही नाही. घोटाळा होतो तो मांडताना. रीथ फिरवून ठेवली गेली आणि दुसऱ्या रविवारी कोणीतरी गुलाबीच पेटवली, असं फार वेळा होतं. पहिल्या मेणबत्तीच्या बुडाशी खूण करून ठेवा.

विषयांचे दोन संच आहेत. आशा, शांती, आनंद, प्रीती हा एक. दुसरा: कुलपती, संदेष्टे, बाप्तिस्मा करणारा योहान, कुमारी मरिया, आणि मधली ख्रिस्ताची. तीन वर्षांच्या पाठचक्रावर (अ, ब, क अशा वर्षांनी फिरणाऱ्या वाचनांच्या यादीवर) चालत असाल तर दुसराच घ्या, कारण तो त्या त्या रविवारच्या शुभवर्तमानाशी जुळतो. २०२६ च्या आगमनापासून ब वर्ष सुरू होतं: पहिला रविवार मार्क १३:२४–३७, दुसरा मार्क १:१–८, तिसरा योहान १:६–८ व १९–२८, चौथा लूक १:२६–३८. तिसऱ्याला योहान आणि चौथ्याला मरिया बरोब्बर येतात. आशा-शांतीच्या संचात प्रवचन एकीकडे आणि मेणबत्तीची प्रार्थना दुसरीकडे जाते.

कॉयरला (गायकवृंदाला) दोन गोष्टी आधीच सांगा. आगमनात ग्लोरिया हे स्तुतिगीत सहसा गात नाहीत. तो नाताळच्या पहिल्या उपासनेला परत येतो. हालेलुया मात्र चालू राहतो. लेंटची सवय असलेले लोक तोही गाळतात आणि मग शुभवर्तमानापूर्वी अवघडलेली शांतता पसरते. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे चालणाऱ्या पॅरिशमध्ये पहिल्या रविवारची कलेक्ट (दिवसाची नेमलेली छोटी प्रार्थना) त्या त्या दिवसाच्या कलेक्टनंतर २४ डिसेंबरपर्यंत रोज म्हणायची असते. ती आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या १५४९ च्या पुस्तकापासून आहे. छापील पत्रिकेतून हीच नेमकी सुटते.

संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेच्या गीताबरोबर ‘ओ’ने सुरू होणारी सात लघुगीतं १७ ते २३ डिसेंबर रोज एक येतात. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या दिनदर्शिकेत मात्र त्यांची सुरुवात १६ तारखेला दाखवली आहे. दोन पुस्तकं समोर असतील तर एकच गणना धरा.

---

तिसरा_स्वर

नऊ पाठ सव्वा तासात बसतात, अट एकच: मिनिटं कागदावर मांडा. पाठ सरासरी दीड मिनिट धरून चौदा मिनिटं. मंडळीची पाच गीतं, प्रत्येकी चार मिनिटं, वीस. कॉयरची सहा, प्रत्येकी साडेतीन, एकवीस. सुरुवातीचं निवेदन, प्रभूची प्रार्थना, कलेक्ट आणि आशीर्वाद सहा. वाचकांची ये-जा नऊ वेळा अर्धा मिनिट, साडेचार. दान गोळा करायला पाच. झाली सत्तर मिनिटं.

वेळ गळतो तो चालण्यात आणि ऑर्गनवर अख्खं कडवं आधी वाजवण्यात. गीताच्या शेवटच्या कडव्याला पुढचा वाचक वाचनपीठाशी उभा हवा. ऑर्गनवर दोन ओळी पुरेत. प्रत्येक गीताची ओळख करून देण्याचा मोह तर अजिबात नको, छापील पत्रिका कशाला असते?

नेहमीचा क्रम असा: उत्पत्ती ३:८–१९, उत्पत्ती २२:१५–१८, यशया ९:२ व ६–७, यशया ११ मधली निवडक वचनं, लूक १:२६–३५ व ३८, लूक २:१ व ३–७, लूक २:८–१६, मत्तय २:१–१२ आणि शेवटी योहान १:१–१४. सहाव्या पाठात लूक २ चं दुसरं वचन, सुभेदाराच्या अवघड नावाचं, गाळलेलं असतं. वाचकांवर केवढी दया! पाठ वचनांच्या आकड्यांशिवाय, मोठ्या टाइपात छापून द्या. पवित्र शास्त्र उघडून दिलं की निम्मे लोक गाळायचं वचनही वाचतात. वाचकांचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे: पहिला कॉयरमधला मुलगा किंवा मुलगी, नववा पाळक किंवा बिशप. नवव्या पाठाला सगळे उभे राहतात, हे पत्रिकेत लिहा.

हा साचा ट्रुरोचे बिशप बेन्सन यांनी २४ डिसेंबर १८८० रोजी वापरला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये एरिक मिल्नर-व्हाइट यांनी तो १९१८ मध्ये आणला आणि १९२८ पासून तो रेडिओवर येऊ लागला, पुढे जगभर गेला. सुरुवातीचं निवेदन मिल्नर-व्हाइट यांचंच. ते लांब वाटलं तरी कापू नका. गरीब, आजारी आणि दिवंगत यांची आठवण त्यातच आहे.

हातातल्या मेणबत्त्या असतील तर एकच नियम दोनदा सांगा: पेटलेली सरळ धरायची, न पेटलेली वाकवायची. लोक नेमकं उलटं करतात आणि गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर पडतं. शेवटी आधी दिवे लावा, मग मेणबत्त्या विझवायला सांगा.

आणि एक भांडण आधीच करून घेतो. आगमनात नाताळची गीतं गाऊ नयेत हे तत्त्व मला मान्य आहे, पण नऊ पाठांची उपासना २४ तारखेलाच ठेवणं प्रत्येक पॅरिशला जमत नाही. चौथ्या रविवारी संध्याकाळी ठेवली तर बिघडत नाही. पहिल्या रविवारी मात्र ठेवू नका. तेव्हा हवीच असेल तर अंधारातून प्रकाशाकडे जाणारी आगमनाची मिरवणूक-उपासना ठेवा: पश्चिमेच्या दाराशी एका ज्योतीपासून सुरुवात आणि वेदीशी पूर्ण उजेड.

---

व्हेस्ट्री_किल्ली

ख्रिस्टिंगल. मूळ मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ), १७४७, जर्मनीतलं मारिएनबोर्न. तिथे मुलांना लाल फीत बांधलेली मेणबत्ती दिली होती. अँग्लिकन मंडळींत ते १९६८ मध्ये चिल्ड्रन्स सोसायटी या इंग्लंडमधल्या बालकल्याण संस्थेने आणलं. संत्रं म्हणजे जग, लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, चार काड्यांवरचा सुका मेवा म्हणजे पृथ्वीची फळं आणि ऋतू, मेणबत्ती म्हणजे तो स्वतः.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फीत, कारण ओल्या सालीवर चिकटपट्टी धरत नाही. मग देठाकडच्या बाजूला फुलीची चीर, मेणबत्तीच्या व्यासापेक्षा किंचित लहान. त्यावर सात-आठ सेंटीमीटरचा फॉइलचा चौकोन, आणि त्याच्यासकट मेणबत्ती आत दाबायची. फॉइलमुळे ती घट्ट बसते आणि ओघळ अडतो. काड्या शेवटी, तिरप्या, टोकं मेव्याने पूर्ण झाकलेली. फळ हलकं किंवा सैल सालीचं असेल तर मेणबत्ती कलते. आदल्या संध्याकाळी करून अंड्यांच्या ट्रेमध्ये उभी ठेवता येतात. त्याहून आधी केली तर रस सुटून फीत निघते.

धोका केसांचा. मुलं रांगेत उभी राहिली की मागच्याची ज्योत पुढच्याच्या केसांशी येते. रांग नको, भिंतीला पाठ लावून गोल करा. केस बांधलेले, ओढण्या आणि मफलर काढलेले, दर आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पाण्याची बादली आणि ओलं फडकं हाताशी. ज्योत एका गीतापुरतीच. अगदी लहानांना चमकणारी प्लास्टिक कांडी द्या, संत्रं तेच.

गव्हाण: देखावा आगमनातच मांडा, पण गव्हाणी रिकामी ठेवा. मध्यरात्रीच्या उपासनेत, सुरुवातीच्या मिरवणुकीत, बाळ ठेवलं जातं. मूर्ती कुठे आहे हे २३ तारखेला बघून घ्या. कापसात गुंडाळून ‘सुरक्षित’ ठेवलेली मूर्ती ऐन वेळी सापडत नाही. मागी लोक नाताळच्या दिवशी देवालयाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत वगैरे, आणि दर दोन दिवसांनी पुढे सरकत ६ जानेवारीला गव्हाणीपाशी. सजावट नाताळापासूनच्या बाराव्या रात्रीपर्यंत ठेवतात, गव्हाण २ फेब्रुवारीपर्यंत ठेवली तरी चालते. वाळलेली पानं मात्र तारखेची वाट न बघता काढा.

---

नवा_वॉर्डन

फार उपयोगी, आभार! एकच राहिलं: मध्यरात्री आणि २५ च्या सकाळी तेच पाठ घ्यायचे का? आणि २६, २७, २८ ला रंग कोणता?

---

सांध्योपासना

पाठांचे तीन संच आहेत. पहिला यशया ९, तीत २:११–१४, लूक २ ची सुरुवात. दुसरा यशया ६२, तीत ३:४–७, लूक २ मधले मेंढपाळ. तिसरा यशया ५२:७–१०, इब्री १, योहान १:१–१४. अदलाबदल करता येते, पण तिसरा संच नाताळच्या कोणत्या तरी एका उपासनेत आलाच पाहिजे. मध्यरात्री पहिला आणि सकाळी तिसरा ही सोपी वाटणी. मुलांची उपासना वेगळी असेल तर तिथे दुसरा.

वेदीचं वस्त्र २४ तारखेच्या दुपारनंतर पांढरं किंवा सोनेरी करा. २६ संत स्तेफन, लाल. २७ संत योहान (प्रेषित), पांढरा. २८ निष्पाप बालकं, लाल. २०२६ मध्ये २७ डिसेंबर रविवारी येतो, तेव्हा योहानाचा दिवस त्याच दिवशी पाळा किंवा २९ ला हलवून नाताळानंतरचा पहिला रविवार पाळा. दोन्हीला मुभा आहे आणि रंग दोन्हीकडे पांढराच. एपिफनीही ६ तारखेऐवजी ३ जानेवारी २०२७ च्या रविवारी घेता येते. तसं ठरलं तर व्हेस्ट्री_किल्ली यांच्या मागी लोकांना जरा भरभर चालवावं लागेल.