भूत झोलकियाऐवजी कोणती मिरची वापरावी?

माहीमकर: माझ्या पतीच्या नागालँडच्या सहकाऱ्याने दिलेली, चुलीवर धुरावलेली राजा मिरची, म्हणजेच भूत झोलकिया, घालून मी वर्षभर बांबूचे कोंब आणि डुकराचे मटण करत आले. आता ती संपली आहे. मागच्या खेपेस तिच्याऐवजी 8 लवंगी मिरच्या घातल्या, तेव्हा रस्सा झणझणीत झाला, पण तो ओळखीचा वास अजिबात आला नाही. येत्या रविवारी तेच सहकारी आमच्याकडे जेवायला येणार आहेत आणि सासऱ्यांना तिखट सोसत नाही, म्हणून मुंबईत मिळणाऱ्या मिरचीतून काय करता येईल ते कृपया सांगावे.

परळची आजी: ताई, तिखटपणाची बरोबरी करण्याचा नाद सोडावा, असे मला वाटते. या मिरचीची 2007 साली गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हा तिचा तिखटपणा 10 लाख स्कोव्हिल एककांहून अधिक भरला होता. तो गाठण्यासाठी लवंगी इतकी घालावी लागेल की रश्शाला मिरचीच्या सालाचीच चव येईल. तुम्हाला चुकल्यासारखे वाटते आहे ते धुराचे अंग. 4-5 सुक्या लवंगी मिरच्या गॅसवरच्या जाळीवर काळे ठिपके पडेपर्यंत भाजा, आणि मटण शिजत आल्यावर पातेल्यात वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर मटणाचीच थोडी चरबी सोडा व 5 मिनिटे झाकण लावा. तुपाचा धूर या पदार्थाला शोभत नाही. बेडगी तर मुळीच नको, कारण ती रंग देते आणि चव गोडसर करते. लालबागच्या मिरची गल्लीत लवंगी निवडून घेता येते. देठ शाबूत असलेली आणि वाकवल्यावर मऊ न लागणारी घ्या.

वसईवाला: धुराबद्दल मी सहमत आहे, मात्र फळासारखा वास लवंगीतून येणार नाही. भूत झोलकिया प्रामुख्याने कॅप्सिकम चायनेन्स या जातीची आहे आणि आपल्या बाजारातल्या बहुतेक मिरच्या कॅप्सिकम ॲन्युअम जातीच्या आहेत. हॅबानेरो मात्र चायनेन्सच आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये परदेशी भाज्या ठेवणाऱ्यांकडे तिची आधी चौकशी करावी. तिचा तिखटपणा साधारण 1 ते साडेतीन लाख एककांचा असतो, म्हणून एकीच्या जागी 3-4 लागतील. पण पहिल्यांदा दोनच घालून चव पाहा. चिरताना हातमोजे घाला. तिखटपणा बियांपेक्षा त्या धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो, तो काढला की वास राहतो आणि आग कमी होते.

परळची आजी: हा उपाय माझ्यापेक्षा चांगला आहे, हॅबानेरो मिळालीच तर तीही जाळीवर भाजून घ्या. सासऱ्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी: तिखटपणाचे द्रव्य, कॅप्सेसिन, चरबीत विरघळते, त्यामुळे मिरची नंतर वेचून काढली तरी ती आग रश्शातच राहते.

माहीमकर: मनापासून आभार. शनिवारी सकाळी क्रॉफर्ड मार्केटला जाईन आणि तिथे मिळाली नाही, तर लालबागहून लवंगी आणीन. सासऱ्यांचा वाटा मिरची घालण्यापूर्वीच वेगळ्या पातेल्यात काढून शिजवीन.