नवव्या वर्षी शाळा काढणाऱ्या मुलाचे कौतुक करावे का?

मूळ मत: पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातील बाबर अलीने २००२ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, घराच्या अंगणात धाकट्या बहिणीला आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या गावातील मुलांना शिकवायला सुरुवात केली. दिवसा स्वतः शिकायचे आणि घरी परतल्यावर दुपारी शिकवायचे, हा क्रम त्याने वर्षानुवर्षे सांभाळला. २००९ मध्ये बीबीसीने त्याला जगातील सर्वांत तरुण मुख्याध्यापक म्हटले, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्याच्या शाळेत सुमारे ८०० मुले शिकत होती. सेवा ही मोठेपणी, नोकरी-संसार मार्गी लागल्यावर करायची गोष्ट आहे, हा आपला समज या मुलाने खोटा ठरवला. म्हणून त्याची हकीकत प्रत्येक वर्गात सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

पहिला प्रतिसाद (विरोधी): मुलाबद्दल आदरच आहे, आक्षेप आपल्या कौतुकावर आहे. चौदा वर्षांखालील सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये लिहिले होते, म्हणजे ती मुदत १९६० मध्येच संपली. शिक्षण मूलभूत हक्क ठरवणारी ८६ वी घटनादुरुस्ती झाली तीही २००२ मध्ये, आणि शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. मधल्या आठ वर्षांत शासनाने उचलायचा भार एक शाळकरी मुलगा वाहत होता, ही टाळ्या वाजवण्याची गोष्ट नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तासांचे काम असते आणि सोबत कार्यक्रम अधिकारी असतो. कोवळ्या वयातील सेवेला अशी मर्यादा आणि मोठ्यांची देखरेख हवीच.

दुसरा प्रतिसाद (मूळ मताच्या बाजूने): आपण दिलेला कालक्रम मला मान्य आहे, आणि तो वाचून रागही येतो, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. कायदा येईपर्यंत ती मुले थांबली असती, तर २००२ मध्ये सहा वर्षांची असलेली मुलगी कायदा लागू होताना चौदा वर्षांची झाली असती आणि तिचे शाळेचे वय हातातून गेले असते. तासांची मर्यादा महाविद्यालयाने नेमून दिलेल्या कामाला शोभते. शेजारच्या घरातील मूल निरक्षर राहते आहे, हे ज्याला रोज दिसते, त्याला आपण कोणत्या तासाला थांब म्हणणार?

तिसरा प्रतिसाद (विरोधी): त्याला थांब म्हणू नये, हे मान्य. मात्र त्याच अंगणाच्या आसपास वावरणाऱ्या प्रौढांना, ग्रामपंचायतीला आणि शिक्षण खात्याला आपण काय विचारणार, हे आपल्या मूळ मतात कुठेच आलेले नाही. वर्गात हकीकत सांगाल, तेव्हा ती अनुच्छेद ४५ सह सांगा. मग माझा विरोध उरणार नाही.