बंद शाळेत कला-रोजगार केंद्र व्हावं की पुन्हा शाळाच? लालबाग-परळकरांनी बोलावं

लालबागकर
आमच्या भागातली एक मराठी शाळा पट नाही म्हणून बंद पडली, त्याला बरीच वर्षं झाली. तळमजला अधिक तीन, सार्वजनिक मालकीची. निवडणुकीला मतदान केंद्र म्हणून कुलूप निघतं, दुसऱ्या दिवशी परत लागतं. मागच्या मतदानाला आत गेलो तर फळ्यावर वार, दिनांक, पट, हजर अशी ऑइलपेंटची चौकट अजून शाबूत. कठड्यात मात्र पिंपळ फुटलाय आणि मुळं गच्चीच्या स्लॅबपर्यंत पोचलीत. असंच राहिलं तर इमारत धोकादायक ठरेल आणि पाडली जाईल.

माझं म्हणणं, इथे संध्याकाळी चालणारं कला आणि रोजगार शिक्षणाचं केंद्र करा, असं पत्र सगळ्यांच्या सह्यांनी देऊ. कला म्हणजे छंद आणि रोजगार म्हणजे डेटा एंट्रीचा कोर्स, ही फारकत मला मान्य नाही. आपल्याकडे कलेवर चुली पेटतात. गणपतीच्या कारखान्यांत आखणीवाला सणाआधी या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरत असतो. मूर्तीचे डोळे तोच रंगवणार, तिथे दुसरा कुणी ब्रश लावत नाही. पीओपी साच्यातून निघते, शाडूला हात बसावा लागतो, आणि तो जुन्या कारागिराशेजारी बसूनच बसतो. नाटकाचा लाइटवाला, साउंडवाला, नेपथ्याचा सुतार, कपडेपट, रंगभूषा ही सगळी कामंही पोरं ओळखीवर शिकतात. ज्याची ओळख नाही त्याला कुणी उभं करत नाही. त्या पोरांसाठी मला ही इमारत हवी आहे.

हे काही परकं खूळ नाही. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, तेही याच लीगचं. नमन आणि शक्ती-तुरा या कोकणी लोककलांच्या मंडळांचं ते हक्काचं स्टेज होतं, २०२३ च्या नोव्हेंबरपासून पुनर्विकासासाठी बंद झालं. तालमीला जागा मागत मंडळं दारोदार फिरतायत.

निवृत्त_बाई
शाळा होती, शाळाच व्हावी. मी आयुष्यभर अशाच शाळांत शिकवलं. पट आपोआप घसरत नाही. गिरणी संपानंतर कुटुंबं डोंबिवली-विरारकडे गेली, उरलेल्यांनी मुलं इंग्रजीत घातली, आणि आम्ही मराठीत चांगलं शिकवूनही त्यांना थांबवू शकलो नाही. पण वस्ती परत वाढतेय. टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या बायांची मुलं कुठे जातात ते बघा जरा. विकास आराखड्यात त्या जागेवर शाळेचं आरक्षण असेल, तर ते एकदा उठलं की परत पडत नाही. कलाकेंद्राच्या नावाने आरक्षण हलवायला माझा ठाम विरोध आहे.

तिसरी_पाळी
बाईंना अनुमोदन, कारण वेगळं. माझे वडील संपातले. १८ जानेवारी १९८२ ला गेट बंद झालं ते त्यांच्यासाठी कायमचंच. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे: एक मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. आम्ही विश्वास ठेवला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची ठरली आणि लोकांचा वाटा नावापुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला.

म्हणून ‘लोकांसाठी केंद्र’ ऐकलं की मी आधी करार मागतो. इमारत एखाद्या ट्रस्टकडे जाईल, पहिल्या वर्षी तबल्याचा क्लास निघेल, चौथ्या वर्षी साखरपुड्याला हॉल भाड्याने. मैदानं-उद्यानं दत्तक द्यायचं धोरण २०१६ मध्ये मंजूर झालं तेव्हा मुंबईकरांनी एवढी ओरड केली की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. ती ओरड उगाच नव्हती. आणि केंद्रच हवं तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आहे की. शिवणवर्ग, ललित कला भवनं, कामगार नाट्यस्पर्धा, सगळं आहे. तिथे पोरं पाठवा.

भायखळ्याची_लेक
दादा, करार मागताय ते बरोबरच, पण करार होऊ शकत नाही असं नाही. आमच्याकडचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवा. १८७२ ला लोकांसाठी उघडलेली वास्तू, पार रया गेली होती. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक (वारसा जपणारी संस्था) असा तिघांचा करार झाला, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. मालकी पालिकेचीच राहिली.

कल्याण मंडळाचं म्हणाल तर तिथला लाभ ज्यांच्या पगारातून जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी कापला जातो त्यांच्या घरांना. ज्याचा बाप डिलिव्हरीची बाईक चालवतो किंवा आई चार घरची भांडी घासते, त्या पोराने कुठली पावती दाखवायची?

तिसरी_पाळी
ताई, संग्रहालयामागे फाउंडेशनचा पैसा होता. गल्लीतल्या शाळेमागे कोण? डागडुजीला एकदा देणगी मिळेलही. वॉचमन, लाइटबिल, पाण्याची मोटर, शिकवणाऱ्याचं मानधन हे दर महिन्याला लागतं. यावर धाग्यात कुणीच बोललेलं नाही.

साइट_सुपरवायझर
भांडण नंतर करा, आधी संरचनात्मक तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागवा. ३० वर्षांवरच्या इमारतीला ती तपासणी बंधनकारक आहे. अहवालात सी-वन, म्हणजे अतिधोकादायक वर्गात असेल तर इमारत खाली करून पाडणं एवढाच मार्ग, मग ना शाळा ना केंद्र. सी-टू-बी असेल तर माणसं आत असतानाही दुरुस्ती होते. पिंपळ नुसता छाटू नका, मुळासकट काढा आणि भेग ग्राउटिंगने भरा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा फुटेल.

शाडूचं काम तळमजल्यावरच ठेवा. ओल्या मातीचं वजन आणि पाणी वरच्या स्लॅबला झेपणार नाही. थिनर आणि रंग जिन्याखाली ठेवायचे नाहीत. कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ माणसं गेली, ती याच आपल्या भागात. बाहेर पडायचे दोन मोकळे जिने नसतील तर मीच पहिला विरोध करीन.

लाइटवाला_परळ
मी एका संस्थेतून रिटेलचा तीन महिन्यांचा मोफत कोर्स केला. टाय बांधायला शिकवलं, सर्टिफिकेट दिलं, नोकरी नाही. लाइट शिकलो ते केबल गुंडाळता गुंडाळता. डिमर बोर्डाला (लाइट कमी-जास्त करायच्या बोर्डाला) हात लावायला दोन वर्षं गेली, कारण ऐन प्रयोगात शिकाऊ पोराच्या हातात कोण देणार? उद्या सीन काळोखात गेला तर कंपनीचं नाव जातं. मला आठ चॅनेलचा जुना बोर्ड, चार लाइट आणि एक काळा पडदा लावलेली खोली मिळाली असती, तर तेच दोन महिन्यांत झालं असतं. यात कोट्यवधींचं काय आहे?

निवृत्त_बाई
बाळा, तुझं वाचून बसले थोडा वेळ. तरी आरक्षण शाळेचंच राहू दे. सकाळी बालवाडी, दुपारी अभ्यासिका (दहावीच्या मुलांना खोलीत पाठ टेकायला जागा नसते), आणि सहानंतर तुमचे वर्ग. केंद्र हा शब्द कागदावर मुळीच नको, ‘शाळेत रात्रवर्ग’ असं लिहा. एवढं असेल तर मी शाडूच्या मुलांना हिशेब आणि बिल लिहायला शिकवीन. कारागीर त्यातच फसतो.

लालबागकर
बाई, तुमची विभागणी पत्रात घेतो. मालकी सार्वजनिक, आरक्षण कायम, हॉल समारंभाला देणे नाही, सुरुवात तळमजल्यापासून, आणि तपासणीच्या अहवालाआधी एकही वर्ग नाही. दर महिन्याच्या खर्चासाठी तालमीला येणाऱ्या मंडळांकडून माफक भाडं घ्यावं असं मला वाटतं. ती आज इतरत्र पैसे मोजतातच. शिकणाऱ्याकडून फी मात्र नाही, हे कलम मी काढणार नाही.

तिसरी_पाळी
भाडं आलं की ते ठरवणारा आला, आणि ठरवणारा आला की त्याचा माणूस आला. त्या समितीत कोण, किती वर्षांसाठी आणि हिशेब कुठल्या फलकावर लावणार, हे लिहून आल्याशिवाय माझी सही धरू नका. मसुदा पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून उत्तर देईन.